शरीरातील निष्क्रिय सेन्सर अल्ट्रासाऊंडने वाचताना प्रतिध्वनी कशाशी ताडून पाहायचा?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण बॅटरी नसलेला, साधारण १ मिलिमीटर आकाराचा पिझोइलेक्ट्रिक (दाबल्यावर वीज निर्माण करणारा आणि वीज दिल्यावर कंप पावणारा) दाब-सेन्सर तयार केला आहे. पाण्याच्या टाकीत, प्रोब (ध्वनी सोडणारा आणि झेलणारा भाग) स्टँडला घट्ट आवळून, २ मेगाहर्ट्झवर येणाऱ्या प्रतिध्वनीच्या उंचीवरून दाब ओळखता येतो आणि आलेख सरळ रेषेत येतो. तोच सेन्सर अगरच्या फँटममध्ये, म्हणजे ऊतींच्या जागी वापरायच्या जेलीच्या नमुन्यात, ५ सेंटिमीटर खोल बसवून प्रोब हातात धरला, की दाब स्थिर असतानाही आकडे तीस-तीस टक्क्यांनी हलतात. यावर उपाय म्हणून वारंवारता ५ मेगाहर्ट्झवर न्यावी की शक्ती वाढवावी, आणि पुढे हे वाचन रुग्णालयातल्या नेहमीच्या सोनोग्राफी यंत्रावर करता येईल का, असे आपण विचारले आहे.

शक्ती वाढवून ही अडचण सुटणार नाही आणि वारंवारता वाढवली तर ती अधिकच बिघडेल, असे माझे मत आहे. आपला सेन्सर दुबळा नाही. तो कशाच्या तुलनेत वाचायचा, हे ठरलेले नाही. टाकीमध्ये तो स्टँड आपल्या नकळत संदर्भाचे काम करत होता. प्रोब, सेन्सर आणि मधले पाणी यांपैकी काहीच हलत नव्हते, म्हणून प्रतिध्वनीत झालेला प्रत्येक बदल निर्धास्तपणे दाबाच्या नावावर मांडता आला. प्रोब हातात आला आणि तो आधार गेला. आता प्रतिध्वनीच्या त्या एकाच उंचीत दाब, कोन, अंतर, जेलच्या थराची जाडी आणि हाताचा कंप असे पाच हिशेब मिसळलेले आहेत, आणि एका आकड्यातून पाच अज्ञात राशी कधीच सुटत नाहीत.

माझ्या बोलण्यावर विसंबण्याची गरज नाही, दहा मिनिटांत पडताळा घेता येतो. प्रोबला देत असलेला व्होल्टेज दुप्पट करा आणि पुन्हा हातानेच वाचन घ्या. आकड्यांचे हलणे इलेक्ट्रॉनिक नॉईजमुळे असेल तर प्रतिध्वनी दुप्पट होईल, नॉईज तेवढाच राहील, आणि ३० टक्क्यांचे साधारण १५ टक्के होतील. हलणे प्रोबच्या बसण्यामुळे असेल तर टक्केवारी जवळपास तशीच राहील, कारण ती चूक बेरजेची नसून गुणाकाराची आहे: सारे काही एकाच पटीत वाढते. आपण पाठवलेल्या आलेखावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते, कारण आकडे झटक्याझटक्याने उडत नाहीत, ते सेकंद-दोन सेकंदांच्या संथ लाटांनी वरखाली होतात. नॉईज असा चालत नाही, हात चालतो.

वारंवारतेचा हिशेब एकदा स्पष्ट मांडतो. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचे क्षीणन, म्हणजे दुबळे होत जाणे, ढोबळमानाने दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला ०.५ डेसिबल असते. सेन्सर ५ सेंटिमीटर खोल असेल तर जाण्यायेण्याचा मार्ग १० सेंटिमीटरचा होतो. म्हणजे २ मेगाहर्ट्झवर १० डेसिबल जातात आणि ५ मेगाहर्ट्झवर २५. हा तोटा एक वेळ ॲम्प्लिफायरने भरून काढता येईल, परंतु झोताच्या रुंदीचे काय? मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सरासरी १,५४० मीटर प्रतिसेकंद धरला, तर २ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.७७ मिलिमीटर येते. २० मिलिमीटर रुंदीचा प्रोब ५० मिलिमीटरवर केंद्रित केला, तर केंद्राशी झोत साधारण १.९ मिलिमीटर रुंद असतो. त्यात आपला १ मिलिमीटरचा सेन्सर बसवायचा, म्हणजे हात मिलिमीटरभर सरकला तरी आकडा कोसळतो. ५ मेगाहर्ट्झवर हाच झोत पाऊण मिलिमीटरवर येतो. नेम धरणे आधीच अवघड होते, आता सुईच्या नेढ्यात दोरा ओवण्यासारखे होईल. उच्च वारंवारतेचा खरा फायदा सेन्सर आणखी लहान करायचा असेल तेव्हा आहे, आणि तोही खोली कमी असेल तरच.

येथे ‘निष्क्रिय’ या शब्दाविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू खपतात आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. पहिल्या प्रकारात सेन्सरमध्ये वीज कुठेच नसते. दाबाने किंवा रसायनाने त्याचा आकार बदलतो आणि तो बदललेला आकारच ध्वनी वेगळ्या तऱ्हेने परतवतो. दुसऱ्या प्रकारात पिझोइलेक्ट्रिक स्फटिक असतो आणि त्याच्या दोन टोकांना जोडलेला विद्युतभार (लोड, म्हणजे जोडलेला विद्युतघटक) बदलला की परतणारा ध्वनी किंचित बदलतो. तिसऱ्या प्रकारात एक चिप असते, ती आलेल्या ध्वनीतूनच वीज मिळवते, मोजते, आणि मोजलेला आकडा सांकेतिक रूपात परतणाऱ्या ध्वनीवर चढवते. बॅटरी नाही म्हणून तिलाही निष्क्रिय म्हणतात, पण ती बरीच उद्योगी असते. आपला सेन्सर दुसऱ्या प्रकारातला आहे, आणि संदर्भाची अडचण सर्वाधिक छळते ती याच प्रकाराला.

आपण ज्या कामावरून प्रेरणा घेतली असे लिहिले आहे, ते बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले ‘न्यूरल डस्ट’ याच प्रकारातले. मिशेल महारबिझ आणि होजे कार्मेना यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदराच्या सायटिक नसेवर बसवलेल्या, सुमारे ३ मिलिमीटर लांबीच्या कणातून नसेचे विद्युतसंकेत अल्ट्रासाऊंडने वाचून दाखवले. त्यात ०.७५ मिलिमीटरचा स्फटिकाचा घन, एक ट्रान्झिस्टर आणि दोन इलेक्ट्रोड एवढाच ऐवज होता, आणि वारंवारता होती १.८५ मेगाहर्ट्झ. (०.७५ मिलिमीटर जाडीची रुंद चकती असती तर तिचा अनुनाद, म्हणजे ती ज्या वारंवारतेला सर्वाधिक कंप पावते तो आकडा, याच्या बराच वर आला असता. घनाची रुंदी आणि जाडी सारखी असल्याने आडवी स्पंदने उभ्या स्पंदनांत मिसळतात आणि आकडा खाली येतो. आपलाही सेन्सर घनाकृती असेल तर पुस्तकातले चकतीचे सूत्र लावू नका, प्रत्यक्ष मोजा.) मग तिथे प्रतिध्वनीच्या उंचीवरून वाचन कसे जमले? कारण नसेचा संकेत मिलिसेकंदांत येतो आणि जातो, तर हालचाल संथ असते. संथ भाग गाळून टाकला की संकेत उरतो. दाबाचे तसे नाही. आपल्याला दाब वाढला एवढेच कळून भागत नाही, आज तो १२ मिलिमीटर पारा आहे की १८ हे कळायला हवे, आणि ती माहिती नेमकी त्या संथ भागातच असते. म्हणून त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही.

हा धडा मला स्वतःला फार उशिरा मिळाला. काही वर्षांपूर्वी एका प्राण्यावरील प्रयोगात, यकृताजवळ बसवलेल्या सेन्सरमधून अत्यंत सुबक लय दिसू लागली. श्वासाबरोबर दाब वाढतो, उतरतो, अगदी पुस्तकात काढतात तशी. आम्ही दोन दिवस खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने तुलनेसाठी त्याच जागी दाब न ओळखणारा, केवळ स्फटिकाचा कोरा तुकडा बसवला, आणि त्यातूनही तीच लय, तितक्याच डौलात आली. यकृत श्वासाबरोबर वरखाली सरकते, माणसात तर सहज सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. सेन्सर झोतात शिरत होता आणि बाहेर पडत होता, एवढाच त्या लयीचा अर्थ. तेव्हापासून कोरा तुकडा बसवल्याशिवाय मी कोणताही आलेख कोणाला दाखवलेला नाही.

तेव्हा उपाय असा, की मोजायची राशी उंचीतून काढून वारंवारतेत, वेळेत किंवा दोन प्रतिध्वनींच्या गुणोत्तरात न्यायची. हात हलला तर प्रतिध्वनी लहानमोठा होईल, परंतु स्फटिक ज्या स्वरात वाजतो तो स्वर हाताने बदलत नाही. भांडे जवळून वाजवा की दुरून, आवाज कमीजास्त होतो, नाद तोच राहतो. आपल्या सेन्सरमध्ये दाबामुळे जोडलेल्या विद्युतभारातील धारिता (वीज साठवण्याची क्षमता) बदलत असेल, तर तिच्याबरोबर अनुनादाची वारंवारताही सरकते. आपण ती आजवर पाहिली नाही, एवढेच.

ती पाहायची कशी, हे जरा तपशिलात सांगतो, कारण यातच हाताचे कसब आहे. एकसलग तरंग सोडू नका. २ मेगाहर्ट्झच्या आसपास ५ ते ८ आवर्तनांचा छोटा स्फोट सोडा आणि ऑसिलोस्कोपवर ६५ मायक्रोसेकंदांच्या आसपास पाहा, कारण १० सेंटिमीटरच्या प्रवासाला तेवढाच वेळ लागतो. तिथे आधी एक उंच, धिप्पाड प्रतिध्वनी दिसेल. तो सेन्सरच्या पृष्ठभागाचा. ऊतींचा ध्वनिक अवरोध (ध्वनीला माध्यमाकडून होणारा विरोध) १.६ मेगारेल या एककाच्या आसपास आणि पीझेडटी या पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकच्या स्फटिकाचा ३० च्या घरात, त्यामुळे पृष्ठभागावर पडलेल्या ध्वनीतली सुमारे ८० टक्के ऊर्जा आत न शिरताच परतते. आपण उंची मोजत होता ती बहुतांशी या धिप्पाड प्रतिध्वनीची, आणि त्याला आतल्या दाबाशी फारसे देणेघेणे नाही. त्याच्या मागे एक बारीक शेपूट दिसेल, झिरपत कमी होत जाणारे. तो स्फटिकाचा स्वतःचा नाद. ऊतींमध्ये रुतलेल्या स्फटिकाची गुणवत्ता, म्हणजे नाद किती टिकतो हे सांगणारा आकडा क्यू, २० धरली तर या शेपटाची उंची सुमारे ३.२ मायक्रोसेकंदांत एक-तृतीयांशाच्या थोडी वर येते, म्हणजे सहा-सात आवर्तने हाताशी लागतात. पहिला प्रतिध्वनी संपल्यावर वेळेची खिडकी उघडा, फक्त शेपूट घ्या आणि त्याची वारंवारता काढा. क्यू २० असताना अनुनादाची रुंदी १०० किलोहर्ट्झ असते. संकेत नॉईजच्या शंभर पट असेल तर शिखराची जागा किलोहर्ट्झच्या आसपास ठरवता येते. पूर्ण दाबपट्ट्यात आपला सेन्सर किती किलोहर्ट्झ सरकतो हे त्याच्या रचनेवर अवलंबून आहे. तो पाच-दहा किलोहर्ट्झच सरकत असेल तर रचना बदलावी लागेल; तिथे वाचनाच्या युक्त्या पुऱ्या पडणार नाहीत.

एक सावधगिरी. हे शेपूट ज्या वेळात येते त्याच वेळात सेन्सरच्या मागे अडीच मिलिमीटरपर्यंतच्या ऊतींचे प्रतिध्वनीही येतात. सेन्सरच्या पाठीमागे एखादे हाड किंवा रक्तवाहिनीची भिंत असेल तर तिचा प्रतिध्वनी शेपटावर बसतो आणि वारंवारता खोटी सरकल्यासारखी दिसते. चिप असलेल्या प्रकारात यावर छान तोड आहे: चिप भार उघडझाप करते, आपण उघड्या आणि बंद स्थितींतले प्रतिध्वनी एकमेकांतून वजा करतो, आणि न बदलणारे सारे जग त्या वजाबाकीत नाहीसे होते. कोलंबिया विद्यापीठाने २०२१ मध्ये दाखवलेला, ०.१ घन मिलिमीटरपेक्षाही लहान असा तापमान-कण याच वाटेने जातो. त्यातला आंदोलक तापमानानुसार आपला वेग बदलतो आणि परतणाऱ्या ध्वनीला त्या वेगाने हेलकावे देतो. बाहेरून फक्त हेलकावे मोजायचे, ते मोठे आहेत की लहान याला महत्त्व नाही. त्याच वर्षी बर्कलेच्या गटाने ४.५ घन मिलिमीटरचा ऑक्सिजन-सेन्सर मेंढीच्या शरीरात वाचून दाखवला, तोही मोजलेली माहिती सांकेतिक रूपात पाठवणारा. चिप करणे आपल्या आवाक्यात नसेल तर दुसरी वाट म्हणजे जोडसेन्सर: शेजारी शेजारी दोन स्फटिक, थोड्या वेगळ्या वारंवारतेचे, एकाला दाब पोचतो आणि दुसरा कडक कवचात बंद. तापमान, वार्धक्य, सेन्सरवरच्या संरक्षक लेपाचे पाणी पिणे या साऱ्याचा भोग दोघेही सारखाच भोगतात, दाब मात्र एकालाच कळतो. दोघांच्या वारंवारतांचे गुणोत्तर घ्या. मला स्वतःला दीर्घकाळ चालणाऱ्या कामासाठी हीच रचना सर्वाधिक भरवशाची वाटते, आकार दुप्पट झाला तरी.

आता रुग्णालयातल्या यंत्राविषयी. आपला सेन्सर आहे त्या रूपात त्यावर वाचता येणार नाही. सोनोग्राफीचे यंत्र चित्र काढण्यासाठी एक-दोन आवर्तनांचे अगदी आखूड स्पंद सोडते, परतलेल्या संकेताचे फक्त बाह्य आवरण ठेवते आणि ते लॉगरिदममध्ये दाबून राखाडी छटांत मांडते. आपल्याला हवी असलेली वारंवारता आणि फेज (तरंग आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) या मधल्या पायरीवरच फेकून दिलेली असतात, पडद्यावरच्या चित्रातून ती पुन्हा मिळवता येत नाहीत. कच्चा रेडिओवारंवारता-संकेत बाहेर देणारी संशोधनयंत्रे असतात, तिथे हे सारे जमते. नेहमीच्या यंत्रात ही सोय असेलच असे नाही, आणि असली तरी बहुधा निर्मात्याच्या परवानगीनेच उघडते.

मात्र पहिल्या प्रकारचे, आकार बदलणारे सेन्सर साध्या यंत्रावर वाचता येतात, आणि या दिशेला आपण अवश्य पाहावे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०२४ मध्ये असा एक सेन्सर प्रसिद्ध केला: आम्लतेनुसार फुगणाऱ्या जेलमध्ये बसवलेल्या धातूच्या बारीक चकत्या. आतड्याच्या टाक्यांतून द्रव गळू लागला की आम्लता बदलते, जेल फुगते, चकत्यांमधले अंतर वाढते, आणि ते अंतर साध्या सोनोग्राफीच्या चित्रावर मोजता येते. त्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी डोक्याच्या कवटीत सुईने सोडता येणारा, २ मिलिमीटरचा जेलचा घन दाखवला. त्यात हवेच्या बारीक नळ्या ठरावीक अंतराने रचलेल्या होत्या. दाब, तापमान किंवा आम्लता बदलली की जेल आक्रसते किंवा पसरते आणि परतणाऱ्या ध्वनीच्या शिखराची वारंवारता सरकते. सुमारे १८ आठवड्यांत तो जवळजवळ पूर्ण विरघळून जातो. लक्षात घ्या, एकाने अंतर मोजले, दुसऱ्याने वारंवारता. प्रतिध्वनीच्या उंचीवर दोघांनीही भिस्त ठेवली नाही.

अंतर मोजण्याची पद्धत सोपी वाटते, तरी तिच्यातही ध्वनीचा वेग दडलेला असतो. पाण्यात तो २० अंश सेल्सिअसला १,४८२ मीटर प्रतिसेकंद असतो आणि ३७ अंशांना १,५२४, म्हणजे जवळपास ३ टक्क्यांचा फरक. खोलीच्या तापमानाला केलेले कॅलिब्रेशन शरीरात नेले तर तेवढी चूक ठरलेली. चरबीत तर उलटा प्रकार, तापमान वाढले की वेग घटतो. म्हणून आपली टाकी पहिल्या दिवसापासून ३७ अंशांवर ठेवा. पाणी गरम केले की त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, तेव्हा ते आधी उकळून किंवा निर्वात पंपाने हवारहित करून घ्या. एकदा आमच्या सेन्सरचे आकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच दिशेने सरकत होते. आम्ही आठवडाभर लेपात दोष शोधला, लेप बदलला, पुन्हा बदलला. शेवटी भिंग लावून पाहिले तेव्हा स्फटिकाच्या कडेला खसखशीच्या दाण्याहूनही लहान बुडबुडा चिकटलेला होता आणि दिवसभरात तो हळूहळू विरघळत होता. ध्वनीच्या दृष्टीने हवा म्हणजे भिंतच, तिचा आकार बदलला की सारेच बदलते.

दाबाच्या सेन्सरला आणखी एक पेच असतो, तो ध्वनीचा नाही, पण आपल्या पुढच्या टप्प्यात तो निश्चित आडवा येईल. बंद पोकळी असलेला सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, तर वैद्यांना वातावरणाच्या तुलनेतला दाब हवा असतो. माणूस ११ मीटर उंच चढला, म्हणजे साधारण चार मजले, की वातावरणाचा दाब जवळपास १ मिलिमीटर पाऱ्याने उतरतो. हवामान बदलले की काही मिलिमीटरने. मेंदूतील दाब मोजणाऱ्या साधनांकडून ० ते २० मिलिमीटर पाऱ्याच्या पट्ट्यात ±२ ची अचूकता अपेक्षित असते, तिथे हे दुर्लक्षून चालणार नाही. वाचनयंत्रात एक बॅरोमीटर बसवा आणि प्रत्येक वाचनाबरोबर त्याचा आकडा नोंदवा. शिवाय सेन्सर त्वचेपासून फार खोल नसेल तर प्रोब दाबून धरल्यानेही आतला दाब खरोखर वाढतो. ती वाचनाची चूक नाही, आपणच रुग्णाला दाबत असतो. जेल भरपूर लावा आणि हात हलका ठेवा.

लेपाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ते कोणत्या जागी आणि किती महिने ठेवायचे यावर सारे अवलंबून आहे. पीझेडटीमध्ये शिसे असते, त्यामुळे तो उघडा ठेवणे शक्यच नाही. काही आठवड्यांसाठी पॅरिलीन या प्लास्टिकचा पातळ थर चालतो, वर्षांसाठी धातूचे किंवा सिरॅमिकचे कवच लागते. कवच तरंगलांबीच्या मानाने अगदी पातळ असेल तर ध्वनी त्यातून बऱ्यापैकी जातो. टायटॅनियममध्ये २ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३ मिलिमीटर असते, त्यामुळे ०.१ मिलिमीटरचे झाकण फार आड येत नाही. याखेरीज शरीर स्वतःच्या वतीने आणखी एक लेप चढवते. काही आठवड्यांत सेन्सरभोवती तंतूंची पिशवी तयार होते, स्फटिकावरचा यांत्रिक भार बदलतो आणि शून्यबिंदू सरकतो. जोडसेन्सरची शिफारस मी एवढ्या आग्रहाने करतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

शक्ती वाढवण्याचा विचार मनात आहेच, म्हणून मर्यादाही सांगून ठेवतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या निदान-अल्ट्रासाऊंडविषयीच्या मर्यादा जगभर आधाराला घेतल्या जातात: काळाची सरासरी धरून तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ७२० मिलिवॅट आणि मेकॅनिकल इंडेक्स (ध्वनीच्या ऋणदाबाने ऊतींत बुडबुडे होऊन इजा होण्याचा धोका सांगणारा आकडा) १.९. डोळ्यासाठी त्या फार कडक, अनुक्रमे ५० आणि ०.२३ आहेत. आपण छोटे स्फोट सोडून मध्ये लांब विश्रांती घेत असाल तर सरासरी तीव्रता सहसा मर्यादेच्या बरीच आत राहते. आधी आडवा येतो तो मेकॅनिकल इंडेक्स. २ मेगाहर्ट्झवर १.९ चा अर्थ ऋणदाब सुमारे २.७ मेगापास्कल. हायड्रोफोनने, म्हणजे पाण्यातला ध्वनिदाब मोजणाऱ्या उपकरणाने, प्रत्यक्ष मोजल्याशिवाय केवळ व्होल्टेजवरून अंदाज बांधू नका, आणि प्रोबचा पृष्ठभाग किती तापतो तेही पाहा, कारण प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रोबमध्ये ऊतींच्या आधी प्रोबच चटका देतो.

अल्ट्रासाऊंड हाच मार्ग योग्य आहे का, हे आपण विचारलेले नाही, तरी सेन्सर कुठे बसणार याचा उल्लेख प्रश्नात नसल्याने सांगावेसे वाटते. फुप्फुसांच्या किंवा वायूने भरलेल्या आतड्यांच्या पलीकडे ध्वनी पोचत नाही. हाडात क्षीणन मऊ ऊतींच्या अनेक पट असते, त्यामुळे कवटीतून वाचायचे असेल तर १ मेगाहर्ट्झच्या आसपास उतरावे लागते आणि मग सेन्सर मोठा होतो. बरगड्यांच्या मधली खिडकी शोधावी लागते. घरच्या घरी रुग्णाने स्वतः वाचन घ्यायचे असेल तर जेल आणि नेम या दोन्ही गोष्टी त्याच्या गळ्यात पडतात. फुप्फुसधमनीतील दाबासाठी २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला कार्डिओमेम्स हा सेन्सरही बॅटरीविनाच चालतो, पण तो गुंडाळी आणि धारित्राचा, चुंबकीय क्षेत्राने वाचला जाणारा. रुग्ण अँटेना असलेल्या उशीवर पडून राहतो आणि वाचन होते. सेन्सर सेंटिमीटरभर लांब चालत असेल तर ती पद्धत वापरायला कितीतरी सोपी आहे. परंतु गुंडाळी मिलिमीटरवर आणली की काही सेंटिमीटर खोलीवर चुंबकीय जोड झपाट्याने विरतो, तर ध्वनीची तरंगलांबी मुळातच मिलिमीटरहून लहान असल्याने तो एवढ्याशा सेन्सरलाही नीट पकडतो. लहान आणि खोल, या दोन अटी एकत्र आल्या की अल्ट्रासाऊंड. एरवी मी तरी आधी चुंबकीय मार्ग तपासेन.

पुढच्या आठवड्यात आपण काय करावे, हे विचाराल तर क्रम असा ठेवा. प्रथम वर सांगितलेली दुप्पट व्होल्टेजची चाचणी. मग त्याच फँटममध्ये, त्याच खोलीवर, सेन्सरशेजारी एक कोरा स्फटिक पुरा. तो झोतात एकाच वेळी येऊ नये एवढा दूर असावा, आणि फँटम ३७ अंशांवर असावा. दाब स्थिर ठेवून प्रोब प्रत्येक वेळी उचला, पुन्हा टेकवा आणि दोघांची वाचने घ्या, अशी किमान तीस वेळा. प्रत्येक वाचनातून दोन आकडे काढा: पहिल्या प्रतिध्वनीची उंची आणि शेपटाची वारंवारता. शक्य असेल तर प्रोब दुसऱ्या एखाद्या व्यक्तीच्या हाती द्या, कारण आपला हात नकळत योग्य जागी जायला शिकलेला असतो. उंचीतला चढउतार तीस टक्क्यांच्या आसपासच राहील, त्याची काळजी करू नका. वारंवारतेतला चढउतार दाबाच्या भाषेत २ मिलिमीटर पाऱ्याच्या आत आला तर आहे तोच सेन्सर घेऊन पुढे जाता येईल आणि वेळ लेपावर खर्च करावा. तो ५ च्या वर गेला तर सेन्सरची संवेदनशीलता वाढवण्यापासून सुरुवात करावी लागेल. तशा वेळी स्फटिकाची मापे, भाराची धारिता आणि एका कच्च्या प्रतिध्वनीची नोंद कळवावी, म्हणजे अंदाजावर न बोलता नेमके काही सुचवता येईल.